रंगाऱ्याची टाच

"आधी खाली उतरा!" बायको दारातूनच ओरडली. सरदार घोडीवर बसून छतालगतची कड रंगवत होता.

घोडी म्हणजे मिटती शिडी. बाकीचे रंगारी हात पोचेनासा झाला की उतरतात, शिडी सरकवतात, पुन्हा चढतात. हा पठ्ठ्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, टाचांना झटके देत वरच्या वर घोडी चालवायचा. म्हणून तर सरदार. त्या चालीवरच त्याला कामं मिळायची, आणि मिजासही तिचीच होती.

"ओरडायला काय झालं?"

"पाय थरथरतोय तुमचा."

थरथरत होता खरा. लघवीच्या संसर्गाचा ताप अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी उतरला होता. पण गोळ्या सुरू झाल्या तसं अंग धरलं. आधी खांदा, मग मनगटं, आणि आता डाव्या टाचेमागची जाड शीर. झोपेत कूस बदलताना तो कण्हायचा आणि उठला की दोष गादीला द्यायचा.

कालच डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "गोळ्यांचा काही त्रास?"

"छे! ठणठणीत!"

बायकोनं कोपर मारलं, पण हा हसत बाहेर पडला. "अगं, रंगाऱ्याची टाच दुखायचीच. त्याला काय त्रास म्हणतात? हसतील बाई."

"हसू देत. सांगायचं होतंत."

"चालवली की मोकळी होते."

आताही त्यानं ऐकलं नाही. "एवढा कोपरा झाला की उतरतो," म्हणाला.

"जित्याची खोड..." बायकोनं म्हण अर्धवटच गिळली. तिला एकाएकी भीती वाटली. तिनं धावत जाऊन शिडी धरली.

सरदारनं झटका दिला. काटकी मोडावी तसा आवाज आला.

"कोणी मारलं?" तो मागे वळून बघत ओरडला. "पायावर कोणी मारलं?"

मागे ओली भिंत होती. खोलीत त्या दोघांशिवाय कुणीच नव्हतं. बायकोनं त्याला कसंबसं खाली घेतलं.

दवाखान्यात बाईंनी पाय चाचपला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आधी दुखत होतं?"

"दुखायचं की. गोळ्या सुरू झाल्यापासून."

"मग काल बोलला का नाहीत? क्वचित कुणाला या गोळ्या शिरेवर बाधतात. दुखतंय म्हटलं असतंत तर तिथल्या तिथे बंद करून दुसऱ्या दिल्या असत्या. आणि शिडी तर चढूच दिली नसती."

बायकोला त्याचा संताप आला होता आणि त्याहून जास्त कीव.

"भिंतीला धरून उभे राहा," बाई म्हणाल्या. "आता डावी टाच उचला."

त्यानं ओठ आवळले. कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताठल्या.

"उचला."

"उचललीय की," तो म्हणाला.

बायकोनं खाली पाहिलं. टाच जमिनीलाच टेकलेली होती.