डफावरचा करपट डाग

मी एक जुना डफ आहे. कडे अक्रोडाच्या लाकडाचे, कातडी बोकडाची. मित्रांनो, आता मला फारसे काही वाटत नाही, त्यामुळे जे घडले ते सरळ सांगतो.

तुर्की सुलतानांच्या काळी एदिर्ने शहरात, तुंजा नदीच्या काठी एका दवाखान्यात माझी नोकरी होती. तिथे मनाच्या रोग्यांना संगीत ऐकवत आणि वैद्यकी शिकणारे विद्यार्थी त्यांची नाडी धरून बसत. कोणत्या तालाला नाडी हलते ते ओळखायचे, हाच त्यांचा धडा. हकीम नुसरत एफेंदी तो शिकवत. माझे कौतुकही होई. पण नदीकाठची हवा दमट. सकाळी माझी कातडी सैल पडे आणि आवाज भिजलेल्या पोत्यासारखा येई. मग कुणीतरी मला शेगडीवर शेकत असे.

एका हिवाळ्यात शाबान आला. कातडी कमावण्याचा त्याचा धंदा. बायको तापाने गेली तेव्हापासून अकरा महिने तो बोललाच नव्हता. वाढले तर खाई, नाही वाढले तर बसून राही. त्याचा भाऊ याकूब दर शुक्रवारी येई. वसंतापर्यंत फरक पडला नाही तर याला घरी न्या, असे हकिमांनी त्याला सांगून ठेवले होते. घरी म्हणजे खाटेला बांधून, कारण याकूबला दिवसभर कातड्यांच्या हौदांवर कामाला जावे लागे. दोर आणून ठेवलाय, हे त्यानेच खाली मान घालून सांगितले होते.

वसंत अगदी तोंडावर आला तेव्हा शाबानची नाडी लुत्फी नावाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आली. हा लुत्फी पाठांतरात पहिला. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत. तिसऱ्याच दिवशी मी संथ तालात वाजत असताना तो उठून म्हणाला, की नाडी धावू लागली. बातमी याकूबच्या कानी गेली. त्याने सगळ्या दालनाला हलवा वाटला आणि वाटता वाटता रडला. मला मात्र शाबानच्या चेहऱ्यावर काहीच दिसले नव्हते. पण डफाला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी हकीम लुत्फीच्या शेजारी येऊन बसले आणि त्याच्या हाताकडे बघत राहिले.

"अंगठा कशाला लावलायस रे?"

"त्यानं ठोके स्पष्ट लागतात, उस्ताद."

"लागणारच. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. काल धावत होतं ते तुझं काळीज." मग ते हळूच म्हणाले, "हलवा खाल्लास ना? आता याकूबला तूच सांग."

लुत्फीने सांगितले. याकूब रागावला नाही. शुक्रवारी न्यायला येतो, एवढेच म्हणाला.

शुक्रवारी धुके होते. लुत्फीने शाबानच्या मनगटाला हातच लावला नाही. मला शेगडीवर धरून तो नुसता बसला होता, मन भलतीकडे. माझी एक बाजू तापली, मग जळका वास आला. दुखले का, ते आठवत नाही.

"लांब धर. करपतंय ते."

आवाज गंजलेला होता. शाबानने मला लुत्फीच्या हातातून काढून घेतले, कातडी अंगठ्याने चाचपली आणि निखाऱ्यांपासून वीतभर वर, गोल फिरवत शेकू लागला. त्या वेळी त्याची नाडी कुणीच धरलेली नव्हती. दारात याकूब उभा होता, काखेत दोर. तो दोर त्याने परत नेला नाही. पुढे त्यावर दवाखान्याची धुणी वाळत असत.

शाबान ठणठणीत बरा झाला, असे नाही. दिवसाला दोन-चार शब्द, तेही बहुतेक माझ्याबद्दलच. पण मला शेकायचे काम त्याचे झाले आणि तो तिथेच राहिला. लुत्फी पुढे स्वतः शिकवू लागला. नव्या विद्यार्थ्यांना तो पहिल्या दिवशी माझ्यावरचा डाग दाखवी आणि मग सगळ्यांना अंगठे मुडपायला लावी.

आता शाबान नाही, लुत्फीही नाही. मी भिंतीवर टांगलेला आहे. अधूनमधून कुणी येते, टिचकी मारते आणि मेलेला आहे म्हणून पुढे जाते. मित्रांनो, जो गप्प आहे त्याचा टिचकी मारून निकाल लावू नका. मला हातात घ्यायचे असेल, तर आधी शेका. लांबून.