टेकडीवरचं फाटक

कळंब्याच्या पुढं टेकडीवर आमची कॉलनी आहे. शिरीष, बहावा, कडुनिंब इतके दाट की भर उन्हाळ्यातही अंगणात गारवा. शाहूपुरीतलं दुकान पोरावर सोपवून मी शांततेसाठी इथं राहायला आलो. मला ती मिळाली, पण माझ्या बायकोला, संयोगिताला, ती खायला उठली. चार माणसांशी बोलल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही. "दिवाळीपर्यंत बघते, न्हायतर मी आपली शाहूपुरीला," असं तिनं निक्षून सांगितलं होतं. ती बोलते तसं करते, म्हणून मी धास्तावलो होतो.

रविवारी मात्र इथं झुंबड उडते. सावलीत बसायला, वरून तलाव बघायला शहरातली माणसं येतात आणि कागद टाकून जातात. मी इतका आरडाओरडा केला की कॉलनीनं फाटक बसवलं आणि राखायलाही मलाच बसवलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

पहिल्याच रविवारी एक जोडपं स्कूटरवरून आलं. मी हात आडवा केला.

"फाटक बंद हाय, पावणं. कुठनं आलाय?"

"हुपरीहनं."

इथंच थांबायला हवं होतं. पण गाव कळलं की पुढचा प्रश्न आमच्या तोंडून आपसूक निघतो.

"हुपरीत कुणाचं?"

"पैंजण करत्यात बघा, जोतीराम. त्यांचा थोरला मी."

संयोगिताचं माहेर हुपरीचं आणि जोतीराम तिचा चुलतमामा. आता सासरवाडीच्या पाहुण्याला फाटकाबाहेर कसं ठेवणार? चहा झाला. मग कागलचे आले, ते बहिणीच्या जावेकडचे निघाले. संध्याकाळपर्यंत मला एकालाही परत पाठवता आलं नाही. एक बरं झालं, नातं लागल्यावर कागद उचलायला हक्कानं सांगता येतं.

सगळे गेल्यावर संयोगिता कप विसळत होती. मी ओशाळून म्हणालो, "हे काम मला जमायचं न्हाय. दुसऱ्या कुणाला तरी बसवूया."

"खुळं झालासा काय? तुमीच बसायचं."

"आणि दिवाळीचं काय?"

"हुपरीच्या पावण्यास्नी फराळाला बोलावलंय."

"शाहूपुरीला?"

"हितंच की," ती म्हणाली.