काचघरातला सिलिंडर

मित्रांनो, मी एक जुना पोलादी सिलिंडर आहे. हवं तर जरा लांबूनच ऐका. माझ्याजवळ सगळे बिचकतच येतात.

मी भट्टीत तापलो, दाबयंत्राखाली लांबट झालो आणि माझ्या गळ्यात पितळी चावी बसली. माझ्या पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. आधी तो कारखान्याच्या धुराड्यातून यायचा. पुढे एका छपरावर मोठाले पंखे बसले. ते वारा आत ओढायचे, आतली पूड त्यातला हा वायू धरून ठेवायची, आणि पूड तापवली की तो मोकळा होऊन माझ्यात यायचा.

काही काळ मी सोड्याच्या दुकानात होतो. गिऱ्हाईक बुडबुड्यांकडे टक लावून विचारायचं, "हवेतून धरलेला? म्हणजे अख्ख्या गल्लीचा उच्छ्वास माझ्या ग्लासात?" आणि पेला तसाच ठेवून निघून जायचं. शेवटी दुकानदाराने मला वाटेला लावलं.

मग मी वहिनींच्या घराला लागून असलेल्या काचघरात आलो. तिथे काकडीचे वेल होते, आणि वेलांना हा वायू म्हणजे जेवण. सकाळचं ऊन काचेवर आलं की वहिनी माझी चावी बारीकशी उघडायच्या, भिंतीतल्या झडपा किलकिल्या ठेवायच्या आणि गुणगुणायच्या:

पानाच्या ओठाला, वारा भरवी गं घास,
काकडीच्या वेलीला, उंच जायाचा ध्यास.

वेल खरोखरच तरारले. पण घरातल्या नणंदबाईंचा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. त्या रोज येऊन माझा गळा हुंगायच्या.

"वहिनी, याला वास कसा नाही हो?"

"वन्सं, पाण्याला तरी कुठे वास असतो?"

"पाणी दिसतं तरी! हा मेला ना दिसतो, ना हुंगता येतो. झडपेतून निघून उद्या आपल्या घरात शिरला म्हणजे?"

खरं सांगू? मलाही त्यांचाच संशय यायचा. त्यांच्या हातात सदा चिंध्या असायच्या आणि नजर झडपांवर.

एका सकाळी वहिनी जमिनीलगत वाकून वेलांच्या बुडाशी माती ओढत होत्या. माझी चावी उघडी होती. नणंदबाईंनी बाहेरून एकेका झडपेत चिंध्या कोंबल्या, दाराखालची फटही बुजवली. घर वाचवलं, या समाधानात त्या निघून गेल्या.

माझी फुसफुस चालूच होती. मित्रांनो, हा वायू हवेपेक्षा जड. कोंडला की पाण्यासारखा खाली साचतो. वहिनी खालीच होत्या. गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. त्यांचा हात कपाळाकडे गेला, धाप लागली आणि त्या वाफ्यावर कलंडल्या. चावी माझ्याच गळ्यात होती, पण ती फिरवायला मला हात कुठले?

तारलं ते मात्र संशयानेच. नणंदबाईंचा जीव काही स्वस्थ बसेना. मी आत काय करतोय ते बघायला त्या परत आल्या.

"वहिनी? अहो वहिनी, गाणं का थांबलं?"

उत्तर आलं नाही. त्यांनी दार सताड उघडलं, श्वास रोखला आणि वहिनींच्या काखेत हात घालून त्यांना फरफटत अंगणात आणलं.

उघड्या हवेत वहिनींनी हळूहळू डोळे उघडले. "डोकं फुटतंय हो."

"मीच कोंबल्या त्या चिंध्या," नणंदबाई हुंदके देत म्हणाल्या. "घर राखायला गेले आणि घरातलं माणूसच घालवत होते."

"रडा नंतर. आधी त्या चिंध्या काढा बरं."

शेजारी म्हणाले, फेकून द्या ते धूड. नणंदबाईंनी डोळे पुसले. "फेकायचं कशाला? वेल बघा कसे चढलेत. पण याच्यावर माझा डोळा राहणार."

आता झडपा नणंदबाईच उघडतात. वहिनी आत असल्या की त्या दाराशी बसून राहतात.

म्हणून मित्रांनो, माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझी चावी तपासा, झडपा मोकळ्या ठेवा. आणि आत कुणी एकटं राबत असेल, तर बाहेरून एक हाक मारा. 'ओ' आली नाही, तर मात्र आधी दार उघडा.