गाळलेली ओळ

ड्रायव्हरबाईंनी घड्या घातलेला कागद टेबलावर ठेवला, तळहाताने दाबून सपाट केला आणि काकांकडे सरकवला.

"पोलीस ठाण्यातून आणलाय. हवेच्या बंदुकीचे नियम, आपल्या नगरपालिकेचे. अक्षर मुंगीएवढं, आणि माझी ही गत. तेवढं वाचून दाखवा."

त्यांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. उजवा शाबूत होता, पण तोही सारखा पाणावत होता आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली होती. घरी सासूला अक्षरओळख नव्हती. नवरा ट्रकवर, दहा-दहा दिवस बाहेर. आणि बारीक अक्षर म्हटलं की अख्ख्या इमारतीत एकच माणूस आठवायचा.

काकांनी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यावरही हाताला चैन नव्हती. जिन्याखालच्या फळ्यावर कोणी 'उद्या पाणि येणार नाही' असं लिहिलं, की ते खडू घेऊन ती वेलांटी दीर्घ करून यायचे. पाणी यायचं नाही ते नाहीच, पण आता शुद्ध मराठीत यायचं नाही. मुलं त्यांना 'काना-मात्रा काका' म्हणत.

त्यांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"उद्या दुपारपर्यंत सांगायचंय," बाई म्हणाल्या. "तक्रार द्यायची, नाहीतर तक्रार नाही म्हणून सही करायची. तो हवालदार म्हणतो, कोणाचं नाव घालणार? छर्रा चपटा झालाय, म्हणजे आधी कशावर तरी आपटलाय. आपटून आलेल्याला गुन्हा म्हणत नाहीत, अपघात म्हणतात. इकडे बस डेपोतले साहेब म्हणतात, गुन्ह्याची नोंद असेल तर तुला चौकशीच्या खिडकीवर तरी बसवता येईल. नोंदच नसेल तर माझे हात बांधलेले आहेत. एका डोळ्याच्या ड्रायव्हरचं डेपो काय करणार?"

त्या हसल्या. हसताना पट्टीखालचा गाल हलला नाही.

एकोणीस दिवसांपूर्वीची सकाळ. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कबुतरांनी घर केलं होतं. घाण, पिसं, दिवसभर घुमणं. काकांनी हवेची बंदूक आणली. "परवाना लागत नाही, खेळणंच समजा," दुकानदार म्हणाला होता. खोक्यात एक माहितीपत्रक होतं. आयुष्यभर लोकांची पत्रकं वाचलेल्या माणसाने ते उलगडलंदेखील नाही. कबुतरं मारायची नव्हती, नुसती उडवायची होती. म्हणून त्यांनी समोरच्या पत्र्यावर नेम धरला. छर्रा पत्र्याला लागलाच नाही. लोखंडी पाइपावर टण् असा आवाज झाला आणि त्यापाठोपाठ खाली अंगणात बाईंची किंकाळी. रात्रपाळी संपवून त्या नुकत्याच आल्या होत्या. दोरीवरचे कपडे वाळले का, म्हणून त्यांनी मान वर केली होती.

बंदूक माळ्यावर टाकून काका खाली धावले. तोवर चार माणसं जमली होती. टॅक्सीत बाईंच्या शेजारी तेच बसले. इस्पितळापर्यंत टॉवेल त्यांनीच धरला. तेव्हापासून बाईंची सासू भेटेल त्याला सांगत होती, "सख्खा बाप करणार नाही एवढं केलं हो त्यांनी." दर वेळी काका चप्पल शोधायचे किंवा खिसे चाचपायचे.

"वाचताय ना?"

"हो. 'कलम एक. ठरावीक ताकदीपर्यंतच्या हवेच्या बंदुकीस परवान्याची आवश्यकता नाही.'"

"म्हणजे कोणीही उठावं आणि आणावी?"

"तसंच दिसतंय. 'कलम दोन. अशी बंदूक अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या हाती देऊ नये. कलम तीन. राहत्या घरी तिचा वापर बंदिस्त जागेतच, छर्रा अडेल असा भक्कम अडसर उभारून करावा. कलम चार. घराच्या हद्दीबाहेर छर्रा जाऊ देणे हा गुन्हा आहे,'"

इथे स्वल्पविराम होता. त्यापुढे ओळ संपत होती आणि खालच्या ओळीत वाक्य पुढे चालू होतं. काकांनी ती ओळ पाहिली. एका नजरेत संपूर्ण पाहिली, जशी चौतीस वर्षं पाहत आले होते. मग ती ओळ सोडून त्यांनी बोट खाली सरकवलं.

"'कलम पाच. छर्रे विकणाऱ्याने...' हे दुकानदारांसाठी आहे."

"आणि आपटून आला असेल तर? त्याचं काही?"

स्वयंपाकघरात काकूंचा भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"तसं काही दिलेलं नाही," काका म्हणाले.

 बाईंनी कागद मागून घेतला, चाचपत त्याच घड्या पुन्हा घातल्या.

"म्हणजे हवालदार खरंच बोलत होता. मला उगाच वाटलं, टाळतोय. जाऊ दे, देऊन टाकते सही. डोकेफोड करून डोळा काही परत येत नाही." दारापाशी त्या वळल्या. "तुम्हाला किती वेळा त्रास द्यायचा, काका."

त्या भिंतीला हात लावत जिना उतरल्या. अठरा वर्षं त्यांनी शहरातल्या सगळ्यात अरुंद रस्त्यांवरून बस नेली होती, आणि कुठे साधा ओरखडाही येऊ दिला नव्हता.

काका टेबलापाशीच बसून राहिले. काकू हात पुसत बाहेर आल्या. समोरच्या खुर्चीवर त्या बसल्या नाहीत, तिची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"सगळं वाचलंत?"

"वाचलं की."

"चष्मा बदलायला झालाय का तुमचा?"

"नाही. का?"

 काकूंनी आतून स्टूल आणलं, त्यावर चढल्या आणि माळ्यावरच्या जुन्या गोधड्या बाजूला केल्या. काका "अगं, पडशील" म्हणत उठले, पण स्टूल धरायला पुढे झाले नाहीत. काकू खोकं घेऊन उतरल्या. ते त्यांनी टेबलावर ठेवलं नाही. उंबऱ्याजवळ, काकांच्या चपलांशेजारी ठेवलं.

"तुला कधीपासून..."

"ती ओरडली ना, तेव्हा मी न्हाणीघरात होते. त्याआधीचा आवाजही ऐकला." त्या स्टुलावर बसल्या. "मला वाटलं, आज सांगाल. मग वाटलं, उद्या. एकोणीस दिवस मी पण तोंडाला कुलूप लावून बसलेय. तुमच्याइतकीच मीही त्यात आहे. पण आज कलम चारला तुम्ही थबकलात तेव्हाच कळलं, तिचं तेवढंही काढून घेतलंत. हे नाही बघवत."

  काकांनी चपला घातल्या आणि खोकं काखेत मारलं. पंधरा पायऱ्या उतरायला त्यांना एरवी वेळ लागत नसे.

दार उघडंच होतं. बाई पलंगावर बसून उजव्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होत्या. सासू शेजारणीकडे गेली होती.

"कोण?"

"मी. एक ओळ राहिली वाचायची."

"कुठली?"

कागद कोनाड्यात होता. काकांनी तो घेतला नाही.

"'मग तो थेट गेलेला असो वा कशावर आपटून, नेम धरलेला असो वा नसो, त्याची जबाबदारी बंदूक बाळगणाऱ्यावर राहील.' कलम चारमध्ये आहे. मी गाळली."

बाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. औषधाचा थेंब गालावरून हनुवटीपर्यंत आला.

"का?"

काकांनी खोकं जमिनीवर ठेवून उघडलं. बाईंना ते नीट दिसलं नसावं. त्या खाली वाकल्या आणि हाताने चाचपलं. लांब, गार नळीवर त्यांची बोटं गेली आणि थांबली.

"कबुतरं होती खिडकीत," काका म्हणाले.

 अंगणात कोणीतरी बादली भरत होतं. ती भरून वाहायला लागली, तेव्हा नळ बंद झाला.

"टॅक्सीत," बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारत होते, डोळा राहील ना, काका? तुम्ही म्हणालात, राहील, राहील."

"हो."

"तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला."

"हो."

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं. दोनदा चुकीच्या आट्यांवर बसलं, तिसऱ्यांदा नीट लागलं. काका उभेच होते. त्यांना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. निदान इमारतीतली माणसं जमली असती.

"टेबलाच्या खणात वही आहे," त्या म्हणाल्या. "पेनही असेल. बसा, आणि मी सांगते ते लिहा."

काका बसले. बाईंनी तारीख सांगितली, वेळ सांगितली. अंगणात आपण कुठे उभ्या होतो ते सांगितलं. वरच्या मजल्यावरची तिसरी खिडकी सांगितली. त्यांचा आवाज सपाट होता, थांब्यांची नावं पुकारावीत तसा. काका लिहीत गेले. अक्षर नेहमीसारखं वळणदार येत होतं, याची त्यांना लाज वाटली.

"आता वाचा."

ते वाचू लागले. "'...त्या खिडकीतून इमारतीतील रहिवाशाने चुकून झाडलेला छर्रा...'"

"थांबा. 'चुकून' मी सांगितलं होतं?"

काकांनी कागदाकडे पाहिलं. शब्द त्यांच्याच हातचा होता.

"नाही."

"मग काढा."

त्यांनी तो शब्द खोडला. एकच आडवी रेघ. मग समासात, नियमाप्रमाणे, खाडाखोडीपुढे आपली आद्याक्षरं टाकली.

"रहिवासी कोण, ते घालायचं राहिलंय," बाई म्हणाल्या.

"घालतो."

त्यांनी आपलं नाव लिहिलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, मग पत्ता. घर क्रमांक लिहिताना पेन अडलं. त्यांनी ते झटकलं आणि आकडा पुन्हा गिरवला. नंतर पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सगळं मोठ्याने वाचलं. बाई मान खाली घालून ऐकत होत्या.

"आणखी काही राहिलं नाही ना?"

"नाही."

"खात्रीने?"

"खात्रीने."

बाईंनी हात पुढे केला. काकांनी त्यात पेन ठेवलं.

"थेंबांनी सगळं धूसर झालंय," त्या म्हणाल्या. "सही कुठे करायची, तेवढं बोट धरून दाखवा."

काकांनी त्यांचं बोट धरलं आणि स्वतःच्या नावाच्या खालच्या मोकळ्या जागेवर नेऊन टेकवलं.