शेराच्या नावाचं पाकीट

मित्रांनो, मी एक जुनी वंशावळीची वही आहे, आणि माझ्यावर पटकन विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही.

बाइंडरने मला शिवलं, तेव्हा त्याने माझी पानं दोनदा मोजली होती. तेवढा एकच माणूस मला पटला. पुढे मी कुत्र्यांची पैदास करणाऱ्या एका घरात आले. मालकांचं अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक कुत्र्याचे आईबाप, आजीआजोबा त्यांनी माझ्यात लिहिले. लोक मला चाळत आणि म्हणत, "वहीत आहे ना, मग झालं." मी तेव्हा फुगून जायचे.

त्या कुत्र्यांच्या घराण्यात डोळ्यांचा एक आजार होता. आई आणि बाप दोघांकडून दोष आला, की पिल्लू काही वर्षांत आंधळं व्हायचं. चांदणी नावाच्या कुत्रीत तो दोष लपलेला आहे, हे तपासणीत कळलं होतं. म्हणून तिला निर्दोषच जोडीदार हवा होता. मालकांच्या मनात शेरा होता. त्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना तपासणीला पाठवायचा होता.

शेरा तोंड उघडेना. गुरगुरू लागला. मी टेबलावर उघडीच होते, सगळं पाहत होते. मालकांनी इकडेतिकडे बघितलं, शेजारी बसलेल्या त्याच्या भावाच्या तोंडात काडी फिरवली आणि पाकिटावर शेराचं नाव घातलं.

"एकाच वेताचे आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "याचं काय नि त्याचं काय."

'शेरा निर्दोष' असा अहवाल आला आणि माझ्या पानावर चिकटला. डिंक वाळला, पण माझा संशय काही वाळला नाही. चांदणीला सात पिल्लं झाली. सहा घरोघरी गेली. सातवी बुटकी, ती मालकांच्या मुलीने ठेवून घेतली.

तिसऱ्या वर्षी बुटकी रोजच्याच उंबऱ्याला अडखळू लागली. चेंडू घरंगळताना ती आवाजामागे धावायची, पण तो थांबला की तिला सापडत नसे. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले आणि तोच आजार असल्याचं सांगितलं. इकडे चांदणी आणि शेराची जोडी पुन्हा लावायची ठरली होती.

मुलीने मला उघडलं, बुटकीच्या बापाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, तो नमुना शेराचाच होता ना?"

"वहीत लिहिलंय की."

"लिहिलंय तुम्हीच."

मालकांनी चष्मा काढून माझ्यावर ठेवला. म्हणाले, "तोंड उघडत नव्हता गं. भावाचा घेतला."

मला वाटलं, आता माझं पान फाडतील. माणसांचा काय भरवसा? पण मुलीने डॉक्टरांना बोलावून नवा नमुना घेतला. दोष शेरातही निघाला. ठरलेली जोडी मोडली.

मालकांनी खाडाखोड केली नाही. जुन्या ओळीखाली लिहिलं, 'हा नमुना भावाचा होता. चूक माझी.' अक्षर वाकडं आलं. माझ्यातलं तेवढंच अक्षर मला पूर्ण पटतं. मग त्यांनी सहाही घरी फोन केले. मी मोजत होते. चौथ्या घरातून उत्तर आलं, "आमचाही दाराला धडकतो. आम्हाला वाटलं, वेंधळा आहे."

मित्रांनो, मला कव्हर घाला, वाळवीपासून जपा, पण त्याआधी माझ्यात खरं लिहा. मी लिहिलेलं सांभाळते, खोटंसुद्धा तितक्याच इमानाने. मालक फोनवर बोलत होते, तेव्हा बुटकी त्यांच्या आवाजाच्या रोखाने आली, टेबलाला धडकली आणि माझ्या उघड्या पानावर हनुवटी टेकून बसली. त्या पानावर तिच्या बापाचं नाव होतं.