तोंडातला बर्फ

माझी सून शर्टांना काज-बटणं करते. कारखान्यातून गठ्ठे येतात ते बाहेरच्या खोलीत पडतात, आणि हॉस्पिटलमधून आल्यापासून मीही तिथेच पडते. खाटेच्या एका अंगाला बिनबटणांचे शर्ट, दुसऱ्या अंगाला तिचं मशीन. दिवसभर नुसती खडखड. लोक विचारतात, आजी, त्रास होत असेल ना? अहो, कसला त्रास! हॉस्पिटलातल्या त्या शांततेपेक्षा ही खडखड शंभरदा बरी.

तिथे माझं पोटाचं ऑपरेशन झालं, टाके घातले, आणि त्यांच्या लेखी मी संपले. सिस्टर यायच्या त्या सलाईनकडे बघायला, माझ्याकडे नाही. शेजारच्या खाटेवर शाळेतल्या एक बाई होत्या, निवृत्त. एका दुपारी सारख्या हाका मारत होत्या, "अहो ताई, छातीत कसंतरी होतंय." सिस्टर म्हणाल्या, "आजी, गप्प पडा. इथे सगळ्यांनाच कसंतरी होतंय." मग मी घंटी दाबली, परत दाबली. आया आली आणि घंटीची वायर माझ्या हाताला लागणार नाही अशी वर टांगून गेली. मेली कुठली! चहा आला तेव्हा कळलं, बाई कधीच्या गेल्या होत्या. त्यांच्यासाठी ओतलेला कप आयाने पुढच्या खाटेवर दिला.

तेव्हाच मी ठरवलं, मरायचं तर घरी.

म्हणून टाक्यांपाशी ठणकायला लागलं, अंगात कणकण आली, तरी मी तोंडातून ब्र काढला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप आला तर लगेच परत आणा. सून रोज संध्याकाळी थर्मामीटर लावते. तो आणायला ती आत वळली की मी पाण्याच्या पेल्यातला बर्फ जिभेखाली धरायची. पट्टी बदलायला तिला हात लावू देत नव्हते, अंगावर धावून जायची. जखमेला वास सुटला तेव्हा गुडघ्यांच्या नावाखाली भरपूर बाम चोळला. म्हातारी झाले म्हणून अक्कल गहाण टाकलेली नाही मी.

आज सोंग उघडं पडलं. उठून बसताना भोवळ आली. सून धावली, मला काखेत धरलं आणि तशीच थबकली.

"आई, अंग केवढं भाजतंय तुमचं!"

"उन्हाची धग असेल."

"काहीतरीच काय!" तिने मला निजवलं आणि माझं न ऐकता पट्टी सोडली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, हे पिकलंय सगळं. कधीपासून?"

"तुला काय करायचंय? तू तुझी बटणं लाव."

"मी यांना फोन करते. आत्ताच्या आत्ता जायचं."

मी तिचा हात घट्ट धरला. जन्मात कुणापुढे पदर पसरला नव्हता, तिच्यापुढे पसरला. "मला तिथे पाठवू नकोस गं. पाया पडते तुझ्या. माझ्या लेकाला सांगितलंस तर माझी शपथ आहे तुला." आणि मी हमसून हमसून रडले. सुनेसमोर!

तिने जखम पुसली, नवी पट्टी लावली, माझे डोळेही पुसले. मग मशीनपाशी जाऊन नुसती बसून राहिली.

मुलगा पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतो, नवी तार गुंडाळून देतो. घरात शिरला तो वार्निशचा वास घेऊनच. दारातूनच विचारलं, "आज ताप?"

सून मान खाली घालून म्हणाली, "नाही."

जिंकले की मी! पण मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, आता हा जवळ येईल, कपाळाला हात लावेल, बायकोवर खेकसेल, मला उचलून गाडीत घालेल, आणि मी वाटभर त्याला शिव्या देत जाईन. असं व्हावं म्हणून माझा जीव किती तडफडत होता, ते मला तेव्हा कळलं.

त्याने खांदे सैल सोडले. "सुटलो बुवा," म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.

मला मरणाची भीती वाटली. खरीखुरी. आणि जिला सांगावी तिचं तोंड तर मीच शपथ घालून बंद केलं होतं.