मयूरीची आंघोळ

खुब्याचं हाड मोडलं, उभं राहवेना, म्हणून लेकानं मला आदिलाबादच्या या वृद्धाश्रमात ठेवलं. जेवण बरं, पलंग बरा, पण आंघोळ म्हणजे तमाशा! मयूरी नावाची पोरगी येणार, दार सताड उघडं टाकणार अन् कांदा सोलावा तशी मला सोलणार. मला, जयवंताबाईला! आमच्या गावी, मुधोळकडं, माझ्यासमोर सून पदर सावरल्याबिगर उभी राहत नाही.

त्या मंगळवारी मी लुगडं दोन्ही मुठींत धरलं. "आज आंघोळ नाही."

"काऊन, आजी? मी रोज दहा जणींना पुसतो. मले काय नवीन हाय त्यात?"

"तुले नसंल, मले हाय. आधी तू झोप पलंगावर. दार असंच राहू दे. मी तुझे नुसते पाय पुसतो. गपचीप पडून राह्यली, तर मीबी मुकाट आंघोळ करीन."

पोरगी खिदळतच आडवी झाली. मी चाकाच्या खुर्चीत, मांडीवर पाण्यानं भरलेलं पातेलं, आमचा गंज. तिची सलवार गुडघ्यापर्यंत सरकवली अन् ओलं फडकं फिरवलं.

"देवकाबाई, पाहा हा मळ! ज्वारी पेरली तर उगवंल."

शेजारच्या पलंगावरची देवकाबाई तोंडात पदर कोंबून हसून राह्यली होती. तेवढ्यात समोरच्या खोलीतले भगवंतराव दारात आले. "चहा आला का?"

मयूरी किंचाळली. उशी तोंडावर, चादर पायांवर अन् गंज माझ्या मांडीत उलटा! भगवंतराव काठी टाकून पळाले. बिनकाठीचे इतके जोरात चालतात, हे तेव्हा कळलं.

"काऊन गं? नुसते पाय तर होते."

चादरीतून आवाज आला, "आजी, दार लावा ना!"

"दोन महिने मी हेच तर म्हणून राह्यली."

तिनं चादर बाजूला सारली. मग उठून तिनंच दार लावलं.

मी तिला शिकवलं. आमच्या बाया भर नदीवर आंघोळ करत, पण कोणाचं नख दिसत नव्हतं. अंगावरचं लुगडं अंगावरच. एक हात बाहेर काढायचा, धुवायचा, पुसायचा, आत. मग दुसरा. वरून कोरडं घ्यायचं, खालून ओलं सोडायचं. मयूरी दोनदा चुकली, दोनदा चापट खाल्ली, पण शिकली.

आता ती दार वाजवते. "आजी, येऊ का?"

"थांब!" मी ओरडते.

करत काहीच नसते. पण हे 'थांब' म्हणायला काय गोड लागतं! देवकाबाईचं हसू आवरलं, की मग मी म्हणते, "ये."